हा ब्रेक नक्की कुठल्या लूपचा?

समोर एक छोटा तक्ता घ्या. चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच रकाने, प्रत्येक घरात एक अंक.

३ ९ ४ १ ८
६ ७ २ ९ ०
१ ७ ९ ३ ६
८ २ ४ ७ ५

यातला पहिला ७ कुठे आहे हे प्रोग्रामने शोधायचं आहे. आपल्याला तो नजर टाकताच दिसतो. प्रोग्रामला मात्र एकेक घर उघडून पाहावं लागतं आणि त्यासाठी एकात एक असे दोन लूप, म्हणजे तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणाऱ्या रचना, लागतात. बाहेरचा लूप ओळ बदलतो, आतला लूप त्या ओळीतला रकाना बदलतो. मोजणी बहुतेक भाषांत होते तशी ० पासून धरू. म्हणजे आपला ७ ओळ १, रकाना १ या घरात आहे.

लूप नुकतेच शिकलेला कुणीही साधारण असं लिहील. कीवर्ड, म्हणजे भाषेचे ठरलेले शब्द, मुद्दाम मराठीत लिहिले आहेत, कारण हा घोळ कुठल्या एका भाषेपुरता नाही.

ओळ ० ते ३ साठी:
    रकाना ० ते ४ साठी:
        जर तक्ता[ओळ][रकाना] == ७:
            जागा = (ओळ, रकाना)
            ब्रेक
छापा जागा

वाचताना यात काहीच चुकीचं वाटत नाही. सात सापडला, जागा नोंदवली, लूप थांबवायला ब्रेक मारला. पण चालवून पाहा, हा प्रोग्राम (३, ३) छापतो. तो पहिला ७ नाही, शेवटचा आहे.

काय झालं ते पावलापावलाने पाहू. ओळ ० मध्ये पाचही घरं तपासली, ७ नाही. ओळ १ मध्ये दुसऱ्याच घरात ७ मिळाला, जागा (१, १) झाली आणि ब्रेक लागला. इथपर्यंत एकूण ७ घरं तपासून झाली आणि काम खरं तर इथेच संपलं होतं. पण त्या ब्रेकने फक्त आतला लूप थांबवला. बाहेरच्या लूपला याची काहीच खबर नाही. त्याच्या दृष्टीने ओळ १ चं काम उरकलं, आता ओळ २. तिथेही दुसऱ्या घरात ७ आहे, जागा (२, १) झाली, पुन्हा ब्रेक. मग ओळ ३, चौथ्या घरात ७, जागा (३, ३). एकूण १३ घरं तपासली गेली आणि हाती आलेलं बरोबर उत्तर दोनदा पुसलं गेलं.

ब्रेकचा नियम एका वाक्यात मावतो: ब्रेक ज्याच्या अगदी पोटात लिहिलेला असतो, त्या सर्वांत जवळच्या लूपमधूनच तो बाहेर काढतो. त्याच्या बाहेर आणखी किती लूप आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कंटिन्यूचंही तेच. तो चालू फेरीतलं उरलेलं काम सोडून पुढच्या फेरीला जातो, पण ती पुढची फेरी सर्वांत जवळच्या लूपची. नियम इतका सोपा असूनही माणसं चुकतात, कारण लिहिताना आपल्या मनात ‘शोध थांबव’ असं असतं. भाषेला मात्र शोध वगैरे काही कळत नाही, तिला फक्त लूप कळतो. एका शोधाला दोन लूप लागले की मनातलं वाक्य आणि लिहिलेलं वाक्य यांत फट पडते. नेस्टेड, म्हणजे एकात एक असलेल्या, लूपवर ताबा ठेवायचा म्हणजे ही फट बुजवायची. माझं ठाम मत असं आहे की त्यासाठी कुठलीही युक्ती वापरा, पण आपण कशातून बाहेर पडतोय हे वाचणाऱ्याला नाव घेऊन सांगता आलं पाहिजे.

एकाच जागी तीन शब्द, तीन निकाल

ब्रेक, कंटिन्यू आणि ‘बाहेरच्या लूपचा कंटिन्यू’ यांतला फरक व्याख्या पाठ करून डोक्यात बसत नाही. एकाच ओळीत तिन्ही बदलून पाहिले की बसतो. २ ते २० मधल्या मूळ संख्या छापायच्या आहेत असं समजा. प्रत्येक संख्येला २ पासून भागत जायचं. भाजकाचा वर्ग त्या संख्येपेक्षा मोठा झाला की थांबायचं. मध्ये कुठेही बाकी शून्य आली तर ती संख्या मूळ नाही.

संख्या २ ते २० साठी:
    भाजक = २
    जोपर्यंत भाजक × भाजक <= संख्या:
        जर संख्या ÷ भाजक ची बाकी == ०:
            (इथे काय लिहायचं?)
        भाजक = भाजक + १
    छापा संख्या

कंसातल्या त्या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे.

आधी तिथे ब्रेक लिहून पाहू. संख्या ४, भाजक २, बाकी शून्य. ब्रेकमुळे आतला लूप संपला आणि कंट्रोल, म्हणजे प्रोग्राम आता जी ओळ चालवणार ती जागा, त्याच्या लगेच खालच्या ओळीवर आला. ती ओळ आहे ‘छापा संख्या’. म्हणजे ४ सुद्धा छापला गेला. ६, ८, ९ यांचंही तेच. २ ते २० या १९ च्या १९ संख्या छापल्या जातात. तपासणी चोख झाली, पण तिचा निकाल कुणी विचारातच घेतला नाही.

आता ब्रेक काढून नुसतं कंटिन्यू लिहू. २ आणि ३ नीट छापले जातात, कारण त्यांच्यासाठी आतला लूप सुरूच होत नाही. मग येतो ४. भाजक २, बाकी शून्य, कंटिन्यू. कंट्रोल आतल्या लूपच्या अटीवर परत गेला, पण जाताना ‘भाजक = भाजक + १’ ही ओळ ओलांडून गेला. भाजक अजून २ च आहे. पुन्हा बाकी शून्य, पुन्हा कंटिन्यू. प्रोग्राम ४ वर अडकला तो अडकलाच. पडद्यावर दोनच आकडे दिसतात आणि पंखा जोरात फिरायला लागतो. सी किंवा जावामधल्या फॉर (आपलं ‘साठी’) लूपमध्ये वाढवण्याची पायरी लूपच्या डोक्यावरच लिहिलेली असते आणि कंटिन्यू केल्यावरही ती होते. व्हाइल (आपलं ‘जोपर्यंत’) लूपमध्ये ती आपण अंगात लिहिलेली असते, म्हणून कंटिन्यू तिला गाळून पुढे जातो. कुणी फॉरचं व्हाइलमध्ये रूपांतर करत असेल तर त्या लूपमधला प्रत्येक कंटिन्यू आधी शोधून काढावा, असं मी आवर्जून सांगतो.

आपल्याला खरं म्हणायचं होतं ते तिसरंच: ‘ही संख्या बाद, बाहेरच्या लूपची पुढची संख्या घे.’ त्यासाठी बाहेरच्या लूपला नाव द्यावं लागतं. त्याला ‘संख्यालूप’ म्हणू आणि रिकाम्या जागी ‘कंटिन्यू संख्यालूप’ लिहू. आता ९ घ्या. भाजक २, बाकी १. भाजक ३, बाकी ०. कंट्रोल छापायची ओळ ओलांडून थेट १० वर गेला. ११ घ्या. भाजक २, बाकी १. भाजक ३, बाकी २. भाजक ४ चा वर्ग १६, तो ११ पेक्षा मोठा, म्हणून आतला लूप आपणहून संपला आणि ११ छापला गेला. निकाल: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९. बरोबर आठ संख्या.

इथे एक बारकावा आहे. आतल्या लूपनंतर बाहेरच्या लूपमध्ये काहीच काम उरलेलं नसेल, तर आतला ब्रेक आणि बाहेरचा कंटिन्यू यांचा परिणाम एकच असतो. वरच्या तक्त्याच्या उदाहरणात तसंच होतं. त्यामुळे ‘आतला ब्रेक’ कित्येक महिने बिनतक्रार चालतो. मग कुणीतरी आतल्या लूपखाली एक निरुपद्रवी ओळ वाढवतो, एखादी बेरीज किंवा एखादी नोंद, आणि त्या दिवसापासून आकडे चुकायला लागतात. चूक नव्या ओळीत शोधली जाते, असते मात्र जुन्या ब्रेकमध्ये.

नाव देण्याची सोय

लूपला नाव द्यायच्या या सोयीला लेबल म्हणतात. जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट, स्विफ्ट, कॉटलिन, पर्ल अशा बऱ्याच भाषांत ती आहे. ॲडा आणि फोरट्रान ९० मध्येही लूपला नाव देऊन त्या नावाने बाहेर पडता येतं. शिकणाऱ्यांचा इथे हमखास एक गोंधळ होतो. लेबल लूपच्या वर लिहिलेलं असतं, म्हणून ‘ब्रेक संख्यालूप’ म्हणजे कंट्रोल वर त्या लेबलपाशी जाणार आणि लूप पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार असं वाटतं. तसं होत नाही. लेबल हे जागेचं नाव नसून लूपचं नाव आहे. ‘ब्रेक संख्यालूप’ म्हणजे संख्यालूप नावाचा अख्खा लूप संपवून त्याच्या खाली जा. हे एकदा समजलं की लेबलची भीती उरत नाही.

लेबलला नाव देताना ‘बाहेरचा’, ‘लूप१’ अशी नावं टाळा. ‘ओळी’, ‘ग्राहक’, ‘शोध’ असं काहीतरी द्या, म्हणजे पंचवीस ओळी खाली ‘ब्रेक शोध’ वाचणाऱ्याला मान वर करून पाहावं लागत नाही. गो भाषेत लेबल लिहून वापरलं नाही तर कंपायलर चूक दाखवतो. ही शिस्त मला आवडते, कारण न वापरलेलं लेबल म्हणजे बहुधा कुणीतरी ब्रेकपुढे नाव लिहायला विसरलंय.

पीएचपी आणि शेल स्क्रिप्टमध्ये नावाऐवजी आकडा देतात. ‘ब्रेक २’ म्हणजे दोन पातळ्या ओलांडून बाहेर पड. लिहायला सुटसुटीत आहे, पण टिकाऊ नाही. मध्ये आणखी एक लूप आला की तो २ चुकीचा ठरतो आणि भाषा तोंडातून चकार शब्द काढत नाही. पीएचपीमध्ये स्विच, म्हणजे एका किमतीनुसार अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना, हीसुद्धा एक पातळी म्हणून मोजली जाते. त्यामुळे लूपमधल्या स्विचमध्ये कंटिन्यू लिहिला तर तो ब्रेकसारखा वागतो, लूपची पुढची फेरी लगेच सुरू होत नाही. ७.३ या आवृत्तीपासून पीएचपी याबद्दल इशारा देऊ लागली. आकडा वापरावाच लागला तर शेजारी कॉमेंटमध्ये लूपचं नाव तरी लिहा.

पायथॉनमध्ये लेबल नाही. ते आणावं असा प्रस्ताव आला होता, पेप ३१३६ (पायथॉनमधल्या बदलांच्या प्रस्तावांना पेप म्हणतात). भाषेचे जनक गिडो व्हॅन रोसम यांनी २००७ मध्ये तो नाकारला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की ज्याला या सोयीची खरोखर गरज पडावी इतका गुंतागुंतीचा कोड फार क्वचित असतो, आणि बहुतेक वेळा रिटर्न वापरून, म्हणजे फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) तिथेच संपवून, तेच काम स्वच्छ होतं. मला हा निर्णय पूर्ण पटत नाही. वरच्या मूळ संख्यांच्या उदाहरणात लेबल अगदी चपखल बसतं. पण रिटर्नबद्दलचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्याकडे येतोच.

पायथॉनने त्याऐवजी एक वेगळीच सोय दिली आहे. फॉर आणि व्हाइल लूपला एल्स जोडता येतो. लूप ब्रेक न लागता आपणहून संपला तरच हा एल्स चालतो, ब्रेक लागला तर नाही. मूळ संख्यांच्या प्रोग्राममध्ये रिकाम्या जागी ब्रेक लिहायचा आणि ‘छापा संख्या’ ही ओळ आतल्या लूपच्या एल्समध्ये टाकायची, की काम झालं. एल्स हा शब्द इथे दिशाभूल करतो, कारण इफच्या (‘जर’च्या) सवयीने तो ‘नाहीतर’ असा वाचला जातो. मनातल्या मनात ‘ब्रेक लागला नाही तर’ असं म्हणा, म्हणजे अडणार नाही.

खूण ठेवण्याची पद्धत आणि तिचा काटा

लेबल नसलेल्या भाषांत फार जुन्या काळापासून चालत आलेली पद्धत म्हणजे फ्लॅग. ‘सापडलं’ नावाचं एक व्हेरिएबल (किंमत साठवायची जागा) घ्यायचं, सुरुवातीला ते खोटं ठेवायचं, ७ मिळाला की खरं करायचं आणि दोन्ही लूपच्या अटीत ‘आणि अजून सापडलं नसेल तर’ हे जोडायचं. पद्धत चालते. पण तिच्यात एक काटा आहे आणि तो मी फार जणांना बोचलेला पाहिला आहे.

सीसारख्या भाषेत फॉर लूपच्या अटीत फ्लॅग घातला आणि जागा वेगळी न नोंदवता लूप संपल्यावर ओळ आणि रकाना ही व्हेरिएबलच छापली, तर काय मिळेल? ७ सापडला तेव्हा ओळ १, रकाना १ होता. फ्लॅग खरा झाला. पण फॉर लूप आधी वाढवण्याची पायरी करतो आणि मग अट पाहतो. म्हणून रकाना २ झाला, मग अट खोटी ठरली, आतला लूप संपला. बाहेर आल्यावर ओळही आधी २ झाली, मग अट खोटी ठरली. छापलं गेलं (२, २). आपल्या तक्त्यात त्या घरात ९ आहे. लूप बरोबर वेळी थांबला आणि तरी उत्तर चुकलं. म्हणून फ्लॅग वापरलात तर जागा सापडल्या क्षणीच वेगळ्या व्हेरिएबलमध्ये नोंदवा, लूपच्या मोजणीवर नंतर भरवसा ठेवू नका.

शिवाय फ्लॅग खरा केल्याने त्या फेरीतलं उरलेलं काम थांबत नाही. अट तपासली जाते ती पुढच्या फेरीच्या तोंडावर. त्याच्या खाली लिहिलेल्या ओळी तोवर चालतातच. तीन-चार पातळ्या असतील तर प्रत्येक पातळीवर फ्लॅग तपासायची आठवण ठेवावी लागते आणि एखादी पातळी राहतेच.

सर्वांत स्वच्छ दार: रिटर्न

आता माझी आवडती पद्धत. दोन्ही लूप उचलायचे, एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवायचे आणि सापडलं की रिटर्न करायचं.

फंक्शन पहिली_जागा(तक्ता, हवा_तो_अंक):
    ओळ ० ते शेवटपर्यंत:
        रकाना ० ते शेवटपर्यंत:
            जर तक्ता[ओळ][रकाना] == हवा_तो_अंक:
                रिटर्न (ओळ, रकाना)
    रिटर्न ‘नाही’

रिटर्नला किती लूप आहेत याने काही फरक पडत नाही. दोन असोत की पाच, तो अख्ख्या फंक्शनमधून बाहेर काढतो. मनातलं ‘शोध थांबव’ हे वाक्य इथे जसंच्या तसं उतरतं, कारण आता शोधाला एक हद्द आहे आणि त्या हद्दीला नाव आहे. फ्लॅग नाही, आकडे नाहीत, ‘सापडलंच नाही’ या शक्यतेसाठी शेवटच्या ओळीत सोयीची जागाही मिळाली. फ्लॅगवाल्या कोडमध्ये ही शक्यता सर्रास विसरली जाते. आणखी एक फायदा असा की या फंक्शनची स्वतंत्र चाचणी घेता येते. मोठ्या कामाच्या मधोमध रुतलेल्या लूपची तशी घेता येत नाही.

फंक्शन एका जागेवरूनच संपावं, असं काही ठिकाणी शिकवतात. लांबलचक फंक्शनच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण सहा ओळींच्या शोधासाठी तो नियम लावून फ्लॅगचा पसारा मांडण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

हीच गोष्ट गोटूने, म्हणजे कोडमधल्या नाव दिलेल्या ओळीवर थेट उडी मारणाऱ्या शब्दाने, करता येते. सी आणि सी++ मध्ये गोटू आहे आणि खोल लूपमधून बाहेर पडायला तो वापरला जातो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोडलेखनाच्या नियमांत तर फंक्शन संपताना आवराआवर एका जागी करण्यासाठी गोटू चालतो असं लिहिलेलं आहे. गोटूची बदनामी झाली ती संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डायक्स्ट्रा यांच्या पत्रामुळे. ते मार्च १९६८ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आलं. ‘गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल’ हा त्याचा गाजलेला मथळा डायक्स्ट्रांचा नव्हता, तो संपादक निकलाउस वर्थ यांनी दिला. त्याआधी १९६६ मध्ये बोम आणि याकोपिनी यांनी दाखवून दिलं होतं की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन गोष्टींवर कुठलाही प्रोग्राम उभा करता येतो, गोटूची सक्ती नाही. तात्त्विकदृष्ट्या ते खरंच आहे, पण त्यासाठी पुष्कळदा जादा व्हेरिएबल लागतात, म्हणजे पुन्हा आपले फ्लॅग. १९७४ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी एक दीर्घ लेख लिहून दाखवलं की काही ठिकाणी, विशेषतः लूपमधून मध्येच बाहेर पडताना, गोटू काढल्याने कोड उलट क्लिष्ट होतो. आज आपण वापरतो ते ब्रेक, कंटिन्यू, लेबल आणि रिटर्न मला या वादाचा मध्यममार्ग वाटतात. उडी मारता येते, पण फक्त बाहेर आणि फक्त आपल्याला वेढणाऱ्या रचनेतून. जावाने तर ‘गोटू’ हा शब्द राखीव ठेवला, पण त्याला काहीच काम दिलं नाही.

ब्रेकचा मालक चुकला तेव्हा

ब्रेक कुणाचा हा प्रश्न नुसता शिकण्यापुरता नाही, याचं सर्वांत मोठं उदाहरण १५ जानेवारी १९९० चं आहे. त्या दिवशी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. जाळ्यात ११४ मोठे स्विच होते, म्हणजे कॉल वळवणारे संगणक. न्यूयॉर्कमधल्या एकाने किरकोळ बिघाडानंतर स्वतःला रीसेट केलं आणि पुन्हा कामावर आल्याचा निरोप शेजाऱ्यांना पाठवला. तो निरोप हाताळणारा कोड नुकताच, डिसेंबर १९८९ मध्ये, बदललेला होता. शेजारी तो निरोप पचवत असतानाच दुसरा येऊन थडकला की तेही बंद पडून रीसेट व्हायचे, परत आल्यावर आपला निरोप पाठवायचे आणि तिसऱ्याला पाडायचे. लाट सगळ्या जाळ्यात फिरत राहिली.

मुळाशी सी भाषेतला एक ब्रेक होता. लूपच्या आत स्विच-केस, केसच्या आत इफ, इफच्या आत ब्रेक. सी मध्ये ब्रेक इफमधून बाहेर पडत नाही. इफ त्याच्या हिशेबातच नसतो. तो सर्वांत जवळच्या लूपमधून किंवा स्विच-केसमधून बाहेर पडतो. इथे तो अख्ख्या स्विच-केसमधून बाहेर पडला आणि पुढच्या टप्प्यावर महत्त्वाची माहिती ओव्हरराइट झाली. हा कोड तपासणीतून पार झालेला होता. ब्रेक शब्द म्हणून बरोबर होता, जागा बरोबर दिसत होती, फक्त तो कुणाचा हे चुकलं होतं.

हाच सापळा आजही तसाच आहे, फक्त उलट्या बाजूने जास्त दिसतो. गो, जावा, सी यांत लूपच्या आत स्विच असेल आणि लूप थांबवायच्या इराद्याने स्विचमध्ये ब्रेक लिहिला, तर फक्त स्विच थांबतो आणि लूप चालूच राहतो. गो मध्ये सिलेक्टचंही तसंच (प्रोग्रामच्या भागांत निरोप पोहोचवणाऱ्या चॅनेलपैकी जो तयार असेल तो निवडणारी ही रचना), त्यामुळे चॅनेल ऐकत बसलेला लूप काही केल्या बंद होत नाही. गो आणि जावात लेबल द्या, सी मध्ये रिटर्न करा.

लूपसारखं दिसणारं, पण लूप नसलेलं

जावास्क्रिप्टमधला फॉरईच दिसतो लूपसारखा. प्रत्यक्षात आपण एक छोटं फंक्शन त्याच्या हाती देतो आणि तो ते प्रत्येक घटकासाठी बोलावतो. त्यात ब्रेक लिहिला तर सिंटॅक्स एररच येते, ते एक बरं. रिटर्न लिहिला तर मात्र चूक कळत नाही. त्या एका घटकापुरतं छोटं फंक्शन संपतं, म्हणजे रिटर्न इथे कंटिन्यूचं काम करतो. कॉटलिनमध्ये त्याच दिसणाऱ्या कोडमध्ये साधा रिटर्न बाहेरच्या अख्ख्या फंक्शनमधून बाहेर काढतो आणि पुढच्या घटकावर जायचं असेल तर ‘रिटर्न@फॉरईच’ असं नाव घेऊन लिहावं लागतं. एका भाषेतून दुसरीत कोड उतरवताना शब्द तोच राहतो आणि अर्थ पार बदलतो. जावास्क्रिप्टमध्ये मध्येच थांबायची गरज असेल तर साधा फॉर-ऑफ लूप घ्या, किंवा ‘सम’, ‘फाइंड’ यांसारखी हवं ते मिळताच थांबणारी फंक्शनं वापरा.

एक्सेप्शन, म्हणजे काहीतरी बिघडल्याची सूचना, फेकूनही कितीही खोल लूपमधून बाहेर येता येतं. ते खरोखर काही बिघडलं असेल तेव्हासाठी ठेवावं. शोधलेली गोष्ट सापडणं हा बिघाड नाही.

कधी आतला लूपच काढता येतो. यादीत एखादी गोष्ट दोनदा आली आहे का हे पाहण्यासाठी दोन लूप लिहिले जातात. दोन्ही १००० घटकांवर पूर्ण फिरवले तर १०,००,००० तुलना होतात. आतला लूप बाहेरच्याच्या पुढच्या घटकापासून सुरू केला तर ४,९९,५००. जोडी सापडताच बाहेर पडलात तर त्याहून कमी, पण जोडी नसेलच तर तेवढ्याच. त्याऐवजी पाहिलेले घटक एका सेटमध्ये (एखादी गोष्ट आत आहे का हे पटकन सांगणाऱ्या संग्रहात) टाकत गेलात आणि ‘हा आधी पाहिलाय का’ एवढंच विचारलंत, तर एका लूपमध्ये फार तर १००० वेळा विचारावं लागतं आणि ब्रेकही एकच, निर्विवाद.

दोन लूप ठेवायचेच असतील तर चाचणी कशी घ्यावी हे सांगतो, कारण इथेच फसगत होते. सुरुवातीचा चुकीचा प्रोग्राम आणि रिटर्नवाला प्रोग्राम यांना तोच तक्ता द्या. ५ शोधा, तो शेवटच्या घरात एकदाच आहे: दोघेही २० घरं तपासतात, दोघांचं उत्तर बरोबर. मग ० शोधा, तो ओळ १, रकाना ४ या घरात एकदाच आहे. दोघंही बरोबर जागा सांगतात, पण रिटर्नवाला १० घरं तपासतो आणि चुकीचा पूर्ण २०. उत्तर बरोबर असल्यामुळे चाचणी पास होते. ३ शोधा, तो पहिल्याच घरात आहे आणि पुढे ओळ २ मध्येही आहे. रिटर्नवाला एकच घर उघडून (०, ० ) सांगतो, चुकीचा १५ घरं पालथी घालून (२, ३) सांगतो. म्हणून अशा शोधाच्या चाचणीत हवी असलेली गोष्ट तक्त्यात किमान दोनदा, दोन वेगळ्या ओळींत ठेवा आणि उत्तराबरोबर किती घरं तपासली तो आकडाही पडताळा.